सॅक पुढे घ्या, आत कॅमेरा आहे!

कॅमेऱ्याच्या बॅगांच्या जाहिराती नीट पाहिल्यात का? धुक्यातला डोंगर, कड्यावर एकटाच उभा असलेला दाढीवाला तरुण, पाठीवर नवीकोरी सॅक आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही. याच तरुणाला सकाळी साडेआठला अंधेरीच्या फलाटावर उभा करा. पट्ट्याची गादी किती मऊ आहे, याच्याशी तिथे कुणाला देणंघेणं नसतं. तो पट्टा कुणाच्या कोपरात अडकतो, एवढाच प्रश्न उरतो. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या फोटोग्राफरला बॅग घेताना कॅमेऱ्याच्या आधी प्रवासाचं माप घ्यावं लागतं. त्या मापाच्या या काही चटकदार नोंदी.

एका चौरस मीटरमध्ये १६ माणसं, एक लेन्स

मुंबईच्या लोकलच्या गर्दीला रेल्वेच्या दप्तरी खास पदवी आहे: ‘सुपर डेन्स क्रश लोड’. म्हणजे दर चौरस मीटरला १४ ते १६ उभे प्रवासी. जगभरचे बॅगवाले सॅक पाठीवर आहे असं धरून कप्पे आखतात, आपल्याकडे ती छातीवर येते. पाठीवर ठेवून डब्यात शिरलात तर मागून हाक आलीच, “ओ भाऊ, सॅक पुढे घ्या!”

सॅक पुढे आली की सगळी भूमिती उलटते. ज्या बॅगेचा मुख्य कप्पा पाठीच्या बाजूने उघडतो, तिची चेन पुढे घेतल्यावरही आपल्याच अंगाला टेकलेली राहते. चोराला वाव नाही. बाहेरच्या अंगाला लांबलचक चेन असलेली बॅग मात्र अख्ख्या डब्याकडे तोंड करून बसते. ती निदान आपल्या डोळ्यांसमोर असते, हाच काय तो दिलासा.

कमरेचा पट्टा ट्रेकमध्ये देवासारखा. खांद्यावरचा बराचसा भार तो कमरेवर उतरवतो. लोकलमध्ये त्याचंच लोंबतं बक्कल शेजाऱ्याच्या पिशवीच्या बंदात अडकतं आणि एकाला दादर, दुसऱ्याला वांद्रे अशी ओढाताण सुरू होते. सुटा निघणारा किंवा आत खोचता येणारा पट्टा असेल तरच ती बॅग घ्यावी. ट्रायपॉड उभा बांधला तर वरच्या कड्यांना लागतो, आडवा बांधला तर शेजारच्यांच्या बरगड्यांना. त्यातल्या त्यात उभाच बरा, कड्या निदान भांडत नाहीत.

आणि रॅक? “जरा वर ठेवा ना” म्हटलं की चार अनोळखी हात बॅग हातोहात वर पोचवतात. मुंबईच्या स्वभावातली ही फार लोभस गोष्ट. पण त्या चार हातांना आत काच आहे हे ठाऊक नसतं. पुढच्या दोन स्टेशनांत तिच्यावर आणखी दोन बॅगा आणि एक हेल्मेट येऊन पडतं. कॅमेऱ्याची बॅग मांडीवर किंवा छातीवर, तिसरी जागा नाही.

पिशवी माशांची, गिऱ्हाईक फोटोग्राफर

इंग्लंडच्या बिलिंगहॅम कंपनीचा जन्म १९७३चा. मार्टिन बिलिंगहॅम तेव्हा गळाने मासे पकडणाऱ्यांसाठी पिशव्या शिवत असत. काही वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की न्यूयॉर्कला गेलेल्या आपल्या पिशव्यांत मासे नाहीत, कॅमेरे आहेत. झालं, धंद्याची दिशाच बदलली! कॅनव्हासच्या दोन थरांमध्ये रबराचा थर घातलेलं त्यांचं कापड पाणी आत येऊ देत नाही. वेसाव्याच्या बाजारात ही हकीकत सांगितलीत तर कोळणी म्हणतील, मग आमच्या टोपलीने काय घोडं मारलंय!

अमेरिकेतली डोम्के बॅगही गरजेतूनच आली. जिम डोम्के हा ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ या दैनिकाचा छायाचित्रकार. त्याने १९७०च्या दशकात स्वतःच्या सोयीसाठी मऊ कॅनव्हासची, फारशी गादी नसलेली बॅग बनवली आणि ती वृत्तछायाचित्रकारांच्या खांद्यावर कायमची विसावली. लोप्रोचा संस्थापक ग्रेग लो हा मुळात गिर्यारोहक. माशांच्या पिशव्या शिवणारा, पत्रकार, डोंगर चढणारा… कॅमेऱ्याच्या बॅगेच्या वाडवडिलांत मुळात कॅमेऱ्याच्या बॅगा बनवणारा असा कुणी दिसतच नाही.

आपल्याकडे हे काम बरीच वर्षं शबनमने केलं. झाकण नाही, गादी नाही, एकाच खांद्यावर सगळा भार. तरी तिच्यात कॅमेरा आहे अशी शंका कुणाला यायची नाही. सुरक्षिततेचा तेवढा एक गुण आजच्या महागड्या बॅगांनी तिच्याकडून जरूर घ्यावा. ठळक अक्षरांत कंपनीचं नाव मिरवणारी बॅग म्हणजे आत काय आहे याची पाटीच. म्हणून कित्येक जाणते फोटोग्राफर त्या नावावर काळी टेप चिकटवतात.

अंधेरी ते कांदिवली, एकच धागा

बॅगेच्या लेबलवर ‘१००० डी’, ‘१६८० डी’ असं काहीतरी छापलेलं असतं. ते डेनियर. ९ किलोमीटर लांब धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. साधारण अंधेरी स्टेशनपासून कांदिवली स्टेशनपर्यंत रुळांच्या कडेने धागा टाकत गेलात आणि तो गुंडाळून तराजूत टाकल्यावर १ किलो भरला, तर तो १००० डेनियर. रेशमाचा एकेरी तंतू १ डेनियरच्या आसपास असतो. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, कापड दणकट. पण बॅग जडही. रोज लोकलने फिरणाऱ्याला १६८०चा हव्यास परवडत नाही.

लिटर, पण पाणी कुठेय?

‘२५ लिटरची सॅक’ म्हणजे आत २५ लिटर पाणी ओतून मोजली, असं कुणाला वाटेल. कापडात पाणी राहील कसं? अमेरिकेतल्या एएसटीएमच्या मानकानुसार सॅकमध्ये २० मिलिमीटर व्यासाचे प्लॅस्टिकचे गोळे भरतात आणि तेच मग मापात ओततात. अडचण एवढीच की लेन्स गोळ्यासारखी कोपऱ्यात घरंगळत नाही. म्हणून लिटरवर जाऊ नका. फोर्टात बोरा बाजारच्या दुकानात बॅग बघायला जाताना आपलं सगळं सामान बरोबर न्या आणि काउंटरवरच भरून पाहा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे.

सांताक्रूझचा पाऊस, कुलाब्याची बॅग

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला किती? ७४ मिलिमीटरही नाही! एकाच शहरात छत्रीचा दिवस आणि महापुराचा दिवस एकदमच. तेव्हा ‘टाउन’मधल्या मित्राने शिफारस केलेली बॅग उपनगरात चालेलच असं नाही.

लेबलवरच्या ‘वॉटर रेझिस्टंट’चा अर्थ एवढाच की थोडा शिडकावा निभावून जाईल. कापड सहसा दगा देत नाही. पाणी शिरतं ते शिलाईच्या भोकांतून आणि चेनीतून. रेनकव्हर हवंच. पण ते बाहेरचं अंग झाकतं, पाठीचं नाही, आणि छत्रीवरून ओघळणारं पाणी नेमकं मान आणि सॅक यांच्या फटीतूनच उतरतं. यावर सर्वात स्वस्त इलाज म्हणजे आत एक जाडसर प्लॅस्टिकची पिशवी. कॅमेरा तिच्यात, ती सॅकमध्ये. दिसायला गबाळं दिसतं, पण जुलैत घाटकोपर स्टेशनबाहेर गुडघाभर पाण्यात उभं असताना कुणाला देखणं दिसायचं असतं?

आतल्या कप्प्यांचा फोमही दोन जातींचा. बंद बुडबुड्यांचा फोम पाणी पीत नाही. उघड्या बुडबुड्यांचा स्पंज मात्र भिजला की दोन-दोन दिवस ओला राहतो, आणि मग सुरू होतो खरा घात: बुरशी. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर रेंगाळली की लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उगवायला वेळ लागत नाही. तिच्यातून पाझरणारी आम्लं काचेवरचा लेप खातात, आणि मग साफ करूनही डाग राहतो. मुंबईच्या पावसाळ्यात आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असणं म्हणजे बातमी नव्हे, दिनक्रम.

म्हणूनच सर्वात महत्त्वाचा नियम बॅग घेण्याचा नाही, रिकामी करण्याचा आहे. घरी आल्यावर कॅमेरा बॅगेत राहता कामा नये. बॅग उघडी टाकायची पंख्याखाली, कॅमेरा ठेवायचा हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह. आजोबांच्या काळातल्या आग्फा क्लिकची तपकिरी चामडी खोळ कितीही देखणी असली तरी पावसाळ्यात कॅमेरा तिच्यात ठेवू नये. चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला खाऊही पुरवतं. सिलिका जेलचे निळे खडे ओल शोषून गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करता येतात. मात्र त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. पोह्यांच्या कढईत हा उद्योग नको, त्यासाठी वेगळं भांडं ठेवा.

७ किलोंचं गणित

देशांतर्गत विमानात इकॉनॉमीच्या प्रवाशाला बहुतेक कंपन्या केबिनमध्ये ७ किलो नेऊ देतात. आता बेरीज करा. सोनीची ए-७-४ बॉडी ६५८ ग्रॅम. २४-७० जी-मास्टरची दुसरी आवृत्ती ६९५ ग्रॅम. ७०-२०० जी-मास्टरची दुसरी आवृत्ती १,०४५ ग्रॅम. झाले २,३९८. पक्ष्यांसाठी २००-६०० घेतलीत की आणखी २,११५, म्हणजे साडेचार किलो. दणकट सॅक स्वतःच पावणेदोन-दोन किलोंची. लॅपटॉप आणि चार्जर टाकताच काटा ७च्या पलीकडे, आणि आईने दिलेले लाडू अजून ओट्यावरच आहेत.

यावर जुना तोडगा म्हणजे खूप खिशांचं जॅकेट. जड लेन्स अंगावर, हलकी बॅग काट्यावर. पण मे महिन्यात मुंबई विमानतळावर जॅकेट घालून घामाघूम उभा असलेला माणूस सगळ्यांना लगेच कळतो, काउंटरवरच्या ताईंनाही. त्यापेक्षा बॅगच हलकी घ्या. रिकामी असताना दीड किलोंपेक्षा जड असेल तर ती विमानप्रवासासाठी नाही, असं माझं ठाम मत. सुरक्षा तपासणीत कॅमेरा बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगतात, हेही ध्यानात असू द्या. सगळं उपसायला लावणाऱ्या खोल पिशवीपेक्षा पुस्तकासारखी सपाट उघडणारी बॅग तिथे बाजी मारते.

पॉवरबँक २६,८००चीच का?

सुटी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही, ती केबिनमध्येच न्यायची. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही. १०० ते १६०च्या मधल्या दोन नेता येतात, पण विमान कंपनीला विचारून. त्यापुढच्या घरीच. आता २६,८०० मिलीअँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट करून पाहा: ९९.१६ वॉट-तास. बाजारात हाच विचित्र आकडा का दिसतो याचं उत्तर मिळालं! अंधेरीतल्या शूटिंगवाल्यांच्या व्ही-माउंट बॅटऱ्याही अशाच ९८ वॉट-तासांच्या असतात. कॅमेऱ्याची नेहमीची बॅटरी त्यामानाने चिल्लर, १६-१७ वॉट-तासांची. पण बॅगेत ती नाण्यांच्या आणि किल्ल्यांच्या कप्प्यात टाकू नका. धातूची टोकं जुळली की ठिणगी पडते.

अंधेरीच्या पेट्या

अंधेरी-गोरेगावच्या शूटिंगवाल्यांना सॅकची माया नाही. तिथे सगळं पेट्यांमध्ये. भाड्याने दिलेल्या कॅमेऱ्याबरोबर त्याचा अटेंडंटही येतो, आणि पेटी उचलण्याचा, उघडण्याचा मान त्याचाच. अशा पेट्यांमधलं प्रसिद्ध नाव पेलिकन, १९७६ सालची अमेरिकन कंपनी. झाकणाला रबरी कडं असतं, म्हणून पेटी पाण्यात पडली तरी तरंगते. तिच्यावरच्या छोट्या बोंडाकडे मात्र बहुतेकांचं लक्ष जात नाही. ती दाब सारखा करणारी झडप. ती नसती तर लेहच्या विरळ हवेत बंद केलेली हवाबंद पेटी मुंबईत उघडताना घाम फुटला असता. आत लेहची हवा आणि बाहेरून समुद्रसपाटीची हवा झाकण दाबून धरणार!

रिक्षाने फिरणाऱ्यांनी मात्र पेटीच्या वाटेला जाऊ नये. रिक्षा तशीही वांद्र्याच्या आणि शीवच्या पलीकडे जात नाही. पेटीसह उतरा, टॅक्सी शोधा, पुन्हा चढवा. हमाली नुसती.

तंबूसह फोटोग्राफी

बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली १६ एप्रिल १८५३ला. पुढच्याच वर्षी, १८५४मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढे भाऊ दाजींचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात सक्रिय होते. त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काच लेपायची, फोटो घ्यायचा आणि ती सुकायच्या आत, दहा-पंधरा मिनिटांत, धुवायची. म्हणजे बाहेर फोटो काढायला जाताना कॅमेरा, जड काचा, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि अंधारा तंबू असा सगळा बारदाना न्यायचा. त्यांची कॅमेरा बॅग म्हणजे बैलगाडी आणि हमाल. आपण २५ लिटरमध्ये आटोपतो, तरी तक्रार करतो!

मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या वृत्तछायाचित्रकार स्त्री. पुढे दिल्लीत त्या साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन चक्क सायकलवरून फिरत. कुठली आलीय कमरेची गादी!

चर्रर्र…

वेल्क्रोचा शोध लागला तो कुत्र्यामुळे. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांनी १९४१मध्ये फिरून आल्यावर कुत्र्याच्या केसांना चिकटलेल्या काटेरी बिया सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्यांचे बारीक आकडे त्यांच्या नजरेत भरले. पावसाळ्यानंतर आरेत हिंडून या, आपल्या सॉक्सवरही तेच संशोधन तयार असतं.

वेल्क्रोचे आतले पडदे हवे तसे सरकवता येतात, ही त्याची मोठी सोय. पण झाकणावर वेल्क्रो नको. जुहूच्या पृथ्वी थिएटरात नाटकाच्या ऐन शांत प्रसंगी ‘चर्रर्र’ झालं की अख्खं प्रेक्षागृह वळून बघतं. पक्षी तर वळूनही बघत नाहीत, सरळ उडून जातात.

फ्लेमिंगो, माकड, बिबट्या

मुलुंडकर आणि भांडुपकरांचं भाग्य असं की ठाण्याची खाडी त्यांच्या अंगणात. २०२२मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावर फ्लेमिंगोसारखे पक्षी पाहताना बॅगेत लेन्स वेगळी आणि बॉडी वेगळी ठेवणारा फोटोग्राफर फक्त शेपट्या टिपतो. तिथे बॅग अशी हवी की मोठी लेन्स लावलेला कॅमेरा जसाच्या तसा आत मावेल. तळाला जाड रबरी कापड हवं, कारण खाली ठेवायची ती चिखलातच.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या पायऱ्यांवर, प्रतिस्पर्धी वेगळा. माकडांना तुमच्या लेन्समध्ये काडीचा रस नाही. त्यांना वडापाव हवा असतो. प्लॅस्टिकची सळसळ झाली की बॅगेवर झडप आलीच. कॅमेऱ्याच्या बॅगेत खाऊ ठेवायचा नाही, संपला विषय.

आणि बिबट्याच्या फोटोसाठी तर बॅग घरी ठेवलेलीच बरी! नयन खानोलकरांनी आरेतल्या वारली वस्तीच्या गल्लीतून जाणारा बिबट्या टिपला, तो गल्लीत लावून ठेवलेल्या कॅमेरा ट्रॅपने. गल्लीतल्या नेहमीच्या उजेडासारखेच फ्लॅश त्यांनी लावले होते, आणि मनासारखी चौकट मिळायला चार महिने गेले. त्या फोटोला २०१६च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं.

गुलाल आणि दही

अंधेरीच्या राजाचं विसर्जन अनंत चतुर्दशीला नाही, पुढच्या संकष्टीला होतं. म्हणजे उपनगरातल्या फोटोग्राफरला गुलालाचा दुसरा हंगाम. गुलाल इतका बारीक की उघड्या चेनीतून आत गेला की महिनाभर बॅगेतून निघत राहतो. विसर्जनाला आणि हंडीला चांगली बॅग नेऊच नका. जुनी सॅक, एक बॉडी, एक लेन्स. आणि तिथे लेन्स बदलायची नाही, अगदी मोह झाला तरी.

रनर बदलून मिळेल

बॅग मरते ती बहुधा चेनीने. दात शाबूत असतात, रनर सैल झालेला असतो. स्टेशनबाहेर पेटी मांडून बसलेले चपला-बॅगा दुरुस्त करणारे कारागीर तो बघता बघता बदलून देतात. हजारोंची बॅग टाकण्यापूर्वी त्यांना एकदा दाखवा. समुद्राजवळच्या खारट हवेत धातूचा रनर गंजून अडकतो. त्यावर मेणबत्ती घासली की तो पुन्हा सुरळीत चालतो. रनरवर ‘वायकेके’ ही अक्षरं दिसली तर ती १९३४मध्ये तादाओ योशिदांनी टोकियोत सुरू केलेल्या कंपनीची. नवी बॅग घेताना चेनीला दोन रनर आहेत ना, ते पाहा, आणि पावसात निघताना दोन्ही एकाच कडेला, खालपर्यंत ओढा. माथ्यावर मधोमध भेटलेल्या दोन रनरांच्या फटीतूनच पहिला थेंब आत जातो.